टक्कर दिसली, पण सरकायचं कोणी?

(मोताळा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तिथे तसाच ठेवला आहे.)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिणाऱ्या मुलाने सकाळी आम्हाला फोन केला. म्हणाला, "सर, ‘बिम’ला पहिली वेलांटी का दुसरी?" आम्ही म्हटलं, पहिली दे बाबा. दुसरी दिलीस तर लोक समजतील, निवृत्त मास्तर आता स्लॅबचा बीम कसा भरायचा ते सांगणार आहेत. त्याने पहिलीच दिली आहे. तरी समोर दोन-चार ठेकेदार आणि सेंट्रिंगवाले बसलेले दिसतात. बरंच झालं. आज बोलायचं आहे ते त्यांच्याशीच.

बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. एखादी इमारत, पूल किंवा कालवा प्रत्यक्ष बांधण्याआधी संगणकात बांधायचा, आणि त्याच्या प्रत्येक भागाला त्याची माहिती चिकटवून ठेवायची. या खांबात लोखंड किती, या पाइपाचा व्यास किती, हा दरवाजा कोणी पुरवायचा, कधी बसवायचा, त्याला किती पैसे लागतील. हे सगळं एका ठिकाणी. आणि या माहितीची राखण करायला माणसं: कोणी बिम मॅनेजर, कोणी बिम कोऑर्डिनेटर, कोणी इन्फर्मेशन मॅनेजर.

आता तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं? दोन कारणं आहेत. एक आपल्या दाराशी आहे, दुसरं आमच्या मनात सलतं आहे.

दाराशी आहे ती नळगंगा. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिकडे भंडारा जिल्ह्यातलं गोसीखुर्द, इकडे आपलं नळगंगा धरण. मध्ये सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा असे सहा जिल्हे. सांगितलेला खर्च ८७ हजार कोटींच्या वर. एवढं मोठं काम आज कागदाच्या गुंडाळ्यांवर होत नाही. त्याचं काही ना काही रूप संगणकात उभं राहणारच. आणि ते रूप आपल्या गावाशी येऊन संपणार. म्हणून हा विषय पुण्या-मुंबईच्या ऑफिसातला राहिलेला नाही, तो मोताळ्याचाही आहे.

दुसरं कारण सांगायला जरा संकोच वाटतो, पण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागात एका संस्थेने छोटं सभागृह बांधलं. बांधकाम समितीचे अध्यक्ष आम्ही. वास्तुविशारदांनी पहिला नकाशा दिला त्यात समोर पायऱ्या आणि पायऱ्यांच्या बाजूला उतार होता, चाकाच्या खुर्चीसाठी. पुढे पाण्याच्या टाकीची जागा बदलावी लागली. नकाशा बदलला. मग पुन्हा बदलला. तिसऱ्या नकाशात जमिनीतली टाकी नेमकी उताराच्या जागी आली. चौथ्यात ते लक्षात येऊन उतार बाजूच्या दाराकडे नेला. हे चारही नकाशे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आले. गटात सगळे होते. सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं. आम्ही तर प्रत्येक नकाशाला अंगठा दाखवला होता, मंजुरीचा.

बांधकाम झालं तिसऱ्या नकाशाप्रमाणे. समोर तीन पायऱ्या, बाजूला टाकीचं झाकण आणि उतार कुठेच नाही.

वास्तुविशारद म्हणाले, मी पाठवला होता. ठेकेदार म्हणाले, मी पुढे पाठवला होता. मिस्त्री बिचारा खिशातून घडी केलेला कागद काढून म्हणाला, "सर, मले जो नकाशा देल्ला, थोच म्या बांधला." खोटं कोणीच बोलत नव्हतं.

उद्घाटनाला आमचे एक जुने मित्र आले. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायांनी साथ सोडलेली. चार मुलांनी त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेलं. ते हसत म्हणाले, "अध्यक्षांनी आज आमची पालखी काढली." सगळे हसले. आम्हाला मान वर करता आली नाही.

त्या दिवसापासून आम्ही विचार करत आलो आहोत की तिथे कमी काय पडलं? माहिती कमी पडली असं म्हणता येत नाही. माहिती होती, सगळ्यांकडे होती, उलट जास्तच होती. मग काय नव्हतं?

बिमचे पुरस्कर्ते या प्रश्नाला एक उत्तर देतात. ते निम्मं बरोबर आहे. आधी ते निम्मं नीट समजून घेऊ, मग उरलेल्या निम्म्याकडे वळू.

रेघेऐवजी वस्तू

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली ती ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’ या नावाने मांडली. त्यांचं म्हणणं असं की कागदावर आपण एकच भिंत अनेकदा काढतो. प्लॅनमध्ये एकदा, सेक्शनमध्ये एकदा, समोरच्या दर्शनात एकदा. एका ठिकाणी बदल केला की बाकीच्या ठिकाणी तो हाताने करावा लागतो, आणि एखादं ठिकाण राहून जातंच. त्यापेक्षा संगणकात भिंत एकदाच मांडा आणि सगळे नकाशे तिच्यातूनच निघू द्या. भिंत सरकली की सगळीकडे सरकेल. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल’ हे शब्द पुढे १९९२ च्या एका शोधनिबंधात आले, आणि या शतकाच्या सुरुवातीला सॉफ्टवेअर कंपन्यांनी ते घरोघर पोहोचवले.

आपल्या वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर रेघेऐवजी द्रव्य आलं आणि द्रव्याला गुण जोडले गेले. रेघेला विचारलं, तू भिंत आहेस की दोरी, तर ती काही सांगू शकत नाही. मॉडेलमधली भिंत सांगते: मी भिंत आहे, नऊ इंचाची आहे, विटांची आहे, माझ्यात एक खिडकी आहे. म्हणून संगणकाला एक गोष्ट करता येते जी कागदाला येत नव्हती. एकाच जागेवर दोन वस्तू आल्या तर तो ओरडतो. याला ते लोक ‘क्लॅश’ म्हणतात. टक्कर. टाकी आणि उतार एकाच जागी आले की लाल खूण.

आपल्या विदर्भात याचं मोठं उदाहरण आहे नागपूर मेट्रोचं. २०१५ मध्ये काम सुरू झालं, मार्च २०१९ मध्ये पहिला टप्पा धावू लागला, आणि ११ डिसेंबर २०२२ ला पहिल्या टप्प्यातले उरलेले मार्ग खुले झाले. या प्रकल्पाने ‘फाइव्ह-डी बिम’ वापरल्याचं सुरुवातीपासून सांगितलं. पाच मिती म्हणजे काय? लांबी, रुंदी, उंची या तीन. चौथा काळ, म्हणजे कोणता भाग कधी. पाचवा पैसा, म्हणजे किती. खांब मॉडेलमध्ये बदलला की वेळापत्रक आणि खर्च दोन्ही त्याच्याबरोबर हलावेत, अशी ती योजना.

तुमच्यापैकी कोणी कामठी रोडने गेला असेल तर गड्डीगोदामला मान वर करून पाहा. खाली रस्ता, त्यावर रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल, आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. चार मजले वाहतुकीचे. रेल्वेचं खातं वेगळं, महामार्गाचं वेगळं, मेट्रोचं वेगळं, शहराचं वेगळं. प्रत्येकाचे अभियंते वेगळे, नियम वेगळे. आणि सगळ्यांचं काम एकमेकांच्या डोक्यावर. अशा ठिकाणी एक सामायिक चित्र नसेल तर काम होणं कठीण, हे आम्ही विनातक्रार मान्य करतो. आमच्या सभागृहालासुद्धा असं चित्र असतं तर टाकी आणि उतार यांची टक्कर कागदावरच कळली असती.

इथपर्यंत आम्ही बिमच्या बाजूचे आहोत. टीका इथून पुढे.

सातबारा म्हणजे शेत नव्हे

बिमच्या प्रचारात एक शब्दप्रयोग वारंवार येतो: सत्याचा एकमेव स्रोत. मॉडेलमध्ये आहे ते सत्य, बाकी सगळं अफवा. तत्त्वज्ञानाच्या वर्गात एखाद्या मुलाने असं विधान केलं असतं तर आम्ही त्याला उभं करून विचारलं असतं, "सत्य कोणाबद्दलचं रे?"

मॉडेल ही नोंद आहे. नोंद आणि वस्तू यांतला फरक मोताळ्याच्या माणसाला शिकवावा लागत नाही. सातबारा म्हणजे शेत नव्हे. सातबाऱ्यावर विहीर असते, शेतात नसते. शेतात बांध सरकलेला असतो, सातबाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून सातबारा निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. त्याच्याशिवाय कर्ज नाही, विमा नाही, वारसा नाही. पण तो किती खरा आहे हे सातबारा पाहून कळत नाही, शेतात जाऊन कळतं.

नैयायिकांनी हे फार नेमकं सांगितलं आहे. स्मृतीला ते प्रमा म्हणत नाहीत. आठवलेलं खरं असू शकतं, पण ते ताजं ज्ञान नाही. ते आधीच्या ज्ञानाच्या उसनवारीवर जगतं. आणि ज्ञान खरं आहे हे ओळखायचं कसं? तर त्याच्या आधाराने केलेली कृती सफल होते का ते पाहून. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तर ते पाणी. मॉडेल ही प्रकल्पाची स्मृती आहे. ती उत्तम असावी. पण प्रत्येक वेळी जमिनीवर जाऊन तिची परीक्षा व्हायला हवी.

परीक्षा झाली नाही तर काय होतं, याचा एक किस्सा युरोपातला आहे. र्‍हाइन नदीच्या दोन्ही काठांवर लाउफेनबुर्ग याच नावाची दोन गावं आहेत, एक जर्मनीत, एक स्वित्झर्लंडमध्ये. २००३ च्या सुमारास दोघांमध्ये पूल बांधायला घेतला. आता उंची मोजायची तर समुद्रसपाटीपासून. पण जर्मनीची समुद्रसपाटी उत्तर समुद्रावरून ठरलेली आणि स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्रावरून. दोन्हींत २७ सेंटीमीटरचा फरक. तुम्ही म्हणाल, हा फरक त्यांना माहीत नसेल. माहीत होता. हिशेबातही धरला होता. फक्त जिथे वजा करायचं तिथे अधिक केलं. २७ चा फरक मिटायचा तो ५४ झाला, आणि काम चालू असताना एका बाजूची दुरुस्ती करावी लागली.

दुसरा किस्सा विमानाचा. एअरबसचं ए-३८० हे प्रचंड विमान. त्याचे भाग जर्मनीत आणि फ्रान्समध्ये बनत होते. हँबुर्ग आणि तुलूझ इथली मंडळी एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरत होती. जोडणीच्या वेळी कळलं की विजेच्या तारा अपुऱ्या पडतात. २००६ साली जाहीर झालं की विमान सुमारे दोन वर्षं उशिरा मिळेल. संगणक होता, मॉडेल होतं, जगातले उत्तम अभियंते होते.

आता नळगंगेकडे या. मोठ्या कालव्याचा उतार किलोमीटरला दहा-वीस सेंटीमीटर इतका अल्प असू शकतो. म्हणजे लाउफेनबुर्गएवढी ५४ सेंटीमीटरची चूक कालव्यात झाली तर ती कित्येक किलोमीटरचा उतार खाऊन टाकेल. पूल एका बाजूने खालीवर करता येतो. पाण्याला समजावता येत नाही.

सांगणारा आणि करवून घेणारा

आता मुख्य मुद्दा, माणसांचा. या क्षेत्रात भूमिकांची नावं इतकी वाढली आहेत की आम्हाला पंचांगातल्या योगांची आठवण होते. आम्ही त्यांचे तीन ढीग करतो.

पहिला, माहितीचा राखणदार. कोणती फाइल कुठे, तिचं नाव काय, ती कच्ची आहे की पक्की, कोणाला पाहू द्यायची, जुनी कुठे ठेवायची. आयएसओ १९६५० या २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी सामायिक माहितीघराची कल्पना आहे आणि त्यात माहितीच्या चार अवस्था आहेत: काम चालू, इतरांना दाखवलेली, अधिकृत केलेली, आणि जतन केलेली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात या चारही अवस्थांची खिचडी होती. हे मानक आम्हाला आवडतं.

दुसरा, टक्कर शोधणारा. वास्तुविशारदाचं, स्ट्रक्चरवाल्याचं, नळवाल्याचं, विजेवाल्याचं अशी सगळी मॉडेलं एकावर एक ठेवून कुठे काय आडवं येतं त्याची यादी करणारा. साधारणपणे याला बिम कोऑर्डिनेटर म्हणतात.

तिसरा, निवाडा करणारा. टक्कर झाली, आता पाइप सरकवायचा की बीम? आणि सरकवल्यावर जे होईल त्याची जबाबदारी घेणारा.

ब्रिटनमध्ये २०१३ साली उद्योगाने एक करारमसुदा केला, त्यात पहिल्या भूमिकेचं नाव आलं आणि बरोबर हेही आलं की या माणसावर डिझाइनची जबाबदारी नाही. आयएसओचं मानकही तेच बजावतं की माहितीचं व्यवस्थापन आणि डिझाइनची जबाबदारी यांची गल्लत करू नका. तत्त्व म्हणून हे योग्य आहे. तलाठी फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंद घेणाऱ्यानेच मालक ठरवायला सुरुवात केली तर गावात अनर्थ होईल.

मग बिघडतं कुठे? पहिल्या दोन भूमिकांना माणसं मिळतात, पदनाम मिळतं, सॉफ्टवेअर मिळतं, पगार मिळतो. तिसरी भूमिका कोणाची, हे मात्र ‘सगळ्यांनी मिळून’ असं लिहून सोडून दिलं जातं. आमचा एक विद्यार्थी पुण्यात हे काम करतो. परदेशातल्या इमारतींची मॉडेलं जुळवतो. मागे घरी आला तेव्हा म्हणाला, "सर, टक्कर मी शोधतो. लाल करून दाखवतो. पण सरकायचं कोणी, हे मी सांगू शकत नाही. दर आठवड्याला मीटिंग होते आणि दर आठवड्याला तीच टक्कर पुन्हा पडद्यावर येते." मग जरा थांबून म्हणाला, "कधीकधी मीच फाइलमध्ये ‘सुटली’ असं लिहून टाकतो. यादी कमी दिसली की सगळे खूश."

हे ऐकून आम्हाला प्लेटो आठवला. त्याच्या ‘स्टेट्समन’ या संवादात एक सुरेख भेद आहे. हिशेबनीस आणि मुख्य बांधकामगार, दोघांचंही काम हाताचं नाही, बुद्धीचं आहे. पण हिशेबनीसाने निर्णय सांगितला की त्याचं काम संपलं. मुख्य बांधकामगाराचं संपत नाही. त्याने ठरवल्यावर प्रत्येक कामकऱ्याला त्याचं त्याचं काम नेमून द्यायचं असतं आणि ते पूर्ण होईपर्यंत तिथून हलायचं नसतं. आपल्या आजच्या प्रकल्पांत हिशेबनीस वाढत चालले आहेत. शेवटपर्यंत न हलणारा माणूस कमी होत चालला आहे. आणि गंमत अशी की हिशेबनिसाचंच नाव ‘समन्वयक’ ठेवल्यामुळे समन्वय झाला असं सगळ्यांना वाटतं.

आपल्याकडेही हा विचार झालेला आहे. ‘मयमत’ या दक्षिणेतल्या शिल्पग्रंथात चार जण सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, तक्षक, वर्धकी. स्थपती सगळ्यांचा प्रमुख. तक्षक तासतो, वर्धकी जोडतो. आणि सूत्रग्राही म्हणजे ज्याच्या हाती मापाची दोरी, तो. हा सूत्रग्राही स्थपतीचा मुलगा किंवा शिष्य असावा, असं सांगितलं आहे. ही वंशपरंपरा आज आणा असं आम्ही म्हणत नाही. त्या व्यवस्थेने कोणाला दोरी धरू दिली आणि कोणाला नाही, तो इतिहास आपल्याला माहीत आहे. पण त्यातला एक विचार उचलण्यासारखा आहे. माप धरणारा आणि ठरवणारा वेगळे असले तरी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. दोरी धरणारा एका शहरात, ठरवणारा दुसऱ्या देशात, आणि बांधणाऱ्याच्या खिशात तिसराच कागद, असं नव्हतं. आपला ‘सुतार’ हा शब्दसुद्धा ‘सूत्रधार’वरूनच आला. लाइनदोरी, ओळंबा, गुण्या घेऊन उभा राहणारा माणूस.

दोरी तुटते तेव्हा

हे सगळं शब्दांचं खेळणं आहे असं कोणाला वाटेल, म्हणून एक गोष्ट सांगणं भाग आहे. १४ जून २०१७ च्या पहाटे लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर ही चोवीस मजली इमारत पेटली. ७२ माणसं गेली. जेमतेम वर्षभरापूर्वीच तिला बाहेरून नवीन आवरण चढवून झालं होतं, आणि त्याच आवरणाने आग वर नेली. चौकशी सात वर्षं चालली; अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. त्यातून जे चित्र दिसतं ते वाचताना आमचे हात थरथरले. कंपन्यांचा खोटेपणा होता, सरकारी ढिलाई होती. आणि त्यांच्या जोडीला हेही होतं: वास्तुविशारद, ठेकेदार, उपठेकेदार, प्रत्येकाला वाटत होतं की आवरण आगीला सुरक्षित आहे की नाही हे पाहणं दुसऱ्याचं काम आहे.

आमच्या तीन पायऱ्या आणि त्या ७२ जिवांची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण वाक्य तेच होतं: "मला वाटलं, तो बघेल."

त्या दुर्घटनेनंतर ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात त्यांनी मागणी केली ती ‘सोनेरी धाग्याची’: इमारतीची खरी, अद्ययावत माहिती पहिल्या रेखाटनापासून तिच्या शेवटापर्यंत अखंड राहिली पाहिजे. बघा, पुन्हा सूत्रच आलं. आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने उंच इमारतींसाठी हा धागा सांभाळण्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तींवर किंवा संस्थांवर टाकली. ‘सगळ्यांनी मिळून’ असं म्हणून ती मोकळी सोडली नाही. आमच्या मते या कायद्याची खरी ताकद सॉफ्टवेअरपेक्षा या एका गोष्टीत आहे.

आता एक आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. कोणी म्हणेल, सर, एकाच माणसाच्या हाती निवाडा द्या म्हणता, म्हणजे पुन्हा जुनी साहेबशाहीच ना? आक्षेप खरा आहे. पण बघा, आपल्या फेरफाराच्या पद्धतीत एक शहाणपण आहे. नोंद प्रमाणित होण्यापूर्वी संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. निवाडा एकाचा, पण ऐकून घेऊन. बिमच्या माहितीघरात अभियंत्याला जागा आहे, ठेकेदाराला आहे, पैसे देणाऱ्याला आहे. वापरणाऱ्याला नाही. आमच्या सभागृहाचा चौथा नकाशा आमच्या त्या मित्राला कोणी दाखवला असता, तर त्यांनी बांधकामावर चक्कर मारून पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "उतार कुठे आहे?" कारण ते पाहण्याची गरज फक्त त्यांना होती. आम्हाला पायऱ्या चढता येतात; आम्हाला ती टक्कर दिसलीच नाही. संगणकालाही दिसली नसती, जर उतार मुळात कोणी काढलाच नसता. दोन वस्तू एकमेकींवर आल्या तर संगणक ओरडतो. एखादी वस्तू नाहीच, तर तो गप्प बसतो.

म्हणून नळगंगेच्या काठावर जेव्हा सर्वेक्षणाची माणसं दुर्बीण लावून उभी राहतील, तेव्हा त्यांना चहा द्या आणि तीन गोष्टी विचारा. तुमचं शून्य कोणतं, म्हणजे उंची कशावरून मोजता, आणि गोसीखुर्दकडचे लोकही त्याच शून्यावरून मोजतात ना? दुसरं, कालवा आणि आमची पांदण एकमेकांना आडवे आले तर कोणी सरकायचं हे ठरवणाऱ्या माणसाचं नाव काय? खात्याचं नाव नको, माणसाचं पद सांगा. तिसरं, ठेकेदार बिलं घेऊन गेल्यावर ही सगळी माहिती कोणाच्या हाती राहील? वीस वर्षांनी कालव्याला भगदाड पडलं तर त्या दिवशी कोणतं कपाट उघडायचं?

हे प्रश्न विचारायला अभियंता असावं लागत नाही. ज्याची जमीन जाते आणि ज्याला पाणी मिळायचं आहे, त्याचा तो अधिकार आहे.

प्रश्नोत्तरांतून

एका ठेकेदार बंधूंनी विचारलं, "सर, आमची कामं पंधरा-वीस लाखांची. आम्हाला हे सॉफ्टवेअर कुठे परवडणार?"

आम्ही म्हटलं, तुम्हाला नकोच. एक वही ठेवा आणि एक नियम करा. साइटवर एका वेळी एकच नकाशा. नवीन आला की जुन्यावर आडवी रेघ मारून, तारीख टाकून, मिस्त्रीच्या हातून जुना परत घ्यायचा आणि त्याच्यासमोर नवा वाचायचा. काय बदललं ते त्यानेच तुम्हाला सांगायचं, तुम्ही त्याला नाही. त्याला सांगता आलं नाही तर काम सुरू करायचं नाही. आयएसओच्या मानकाचा निम्मा अर्थ एवढ्यात येतो. आणि वहीच्या पहिल्या पानावर एक नाव लिहा: निवाडा कोणाचा. आमच्या वेळी ते नाव आमचं असायला हवं होतं. आम्ही अंगठा दाखवत राहिलो.

मागून एका ताईंनी विचारलं, "मग त्या सभागृहाचं काय झालं, सर?"

उतार केला, ताई. नंतर. टाकी हलवता येईना म्हणून मागच्या दाराने केला. जागा कमी, म्हणून चढ जास्त. आमचे मित्र आता त्या सभागृहात येतात, पण अजूनही कोणीतरी मागून खुर्ची ढकलावी लागते. आम्ही असलो तर आम्ही ढकलतो.